काशीबाईची एक हाक

लोक भेटले की पहिला प्रश्न मिशीचा विचारतात. एवढ्या मोठ्या मिशा, आणि त्यातून बाईचा आवाज निघतो कसा? मी म्हणतो, आवाज मिशीतून निघत नाही म्हणूनच निघतो.

दंडारीत बाईचा पार्ट करत होतो तोवर ओठावर केस उगवू दिला नाही. लग्नाच्या फोटोतही मी बिनमिशीचा आहे, आणि यातली नवरी कोणती असं नातवंडं मुद्दाम विचारतात. दंडार सोडली त्या दिवशी वस्तरा कपाटावर फेकला. ही मिशी आता माझ्या हक्काची आहे. तिच्यावर कोणी बोललेलं मला खपत नाही.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. धान कापून झालं, गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरली, की आमच्या झाडीपट्टीत दंडार उभी राहते. नाच, गाणं, सोंग, नाटक, सगळं एकातच. पूर्वी बाया स्टेजवर येत नसत, म्हणून गड्यांनीच लुगडं नेसायचं. मी मूल नावाच्या गावाजवळच्या एका खेड्यातला. एरवी राईस मिलमध्ये पोती उचलायची आणि मंडईच्या दिवसांत राणी, सून, सवत, विधवा, जे वाट्याला येईल ते व्हायचं. माझं नाव तुळशीराम. लोक तुळसाबाई म्हणायचे. मी राग मानला नाही. जो राग मानायचा त्याचं लुगडं ऐन नाचात सुटायचं.

आता गुडघे गेले, पण आवाज आहे. तो मी सध्या पुस्तकांना देतो.

शहरातली एक कंपनी आहे, ती पुस्तकं मोबाईलमध्ये ऐकायला घालते. ज्याला वाचायला सवड नाही, ज्याचे डोळे गेले, ज्याला अक्षरच येत नाही, तो कानानं पुस्तक वाचतो. त्यात एकाच माणसानं सगळं बोलायचं असतं. लेखक तोच, नवरा तोच, बायको तोच, शेळीही तोच. मूलला सलीमभाईंचं लाउडस्पीकरचं दुकान आहे. त्यांची मुलगी नाझनीन शिकून परत आली आणि दुकानामागच्या खोलीत भिंतींना गाद्या ठोकून तिनं रेकॉर्डिंगची खोली केली. कंपनीचं काम तिच्याकडे आलं. पुस्तक आपल्या भागातलं, बाया झाडीबोली बोलणाऱ्या. आधी शहरातल्या एका बाईंकडून वाचून घेतलं होतं म्हणे, पण त्यांच्या तोंडी आमची बोली कच्च्या टेंभरासारखी तुरट लागत होती. मग सलीमभाईंना तुळसाबाई आठवली.

नाझनीननं पहिल्या दिवशी विचारलं, "काका, वाचता येते ना?"

"येते. पण पुस्तक सरेपर्यंत तू म्हातारी होशीन."

मी चौथी शिकलो. वाचतो, पण धानाच्या बांधीच्या अरुंद पाळीवरून चालावं तसं, एकेक पाऊल जपून. या अंकासाठी हा लेखही तसाच लिहितो आहे. सून म्हणाली, मी लिहून देते, तुम्ही सांगा. नको म्हटलं. मग त्यात तिचीच भाषा आली असती.

हे मी उगीच नाही म्हणत. वाचायच्या अडचणीवर आम्ही झाडीपट्टीचाच तोडगा काढला होता. आमच्याकडच्या नाटकात प्रॉम्प्टर म्हणजे देव. तो आडोशाला बसून ओळ वाचतो, ती नटाच्या कानात पडते आणि तोंडातून निघते. कान आणि तोंड यांच्या मधली जी चार बोटं जागा, तीच नटाची. काचेपलीकडे नाझनीन बसायची, ओळ वाचायची, ती माझ्या हेडफोनात यायची, मी बोलायचो. काम पाण्यासारखं चाललं. पहिली पाच प्रकरणं झाली आणि एक दिवस तीच कपाळाला हात लावून बसली.

"काका, ही सासू सत्तर वर्साची आहे ना?"

"हो."

"मंग हे माह्यासारखी काऊन बोलून राह्यली?"

तिनं ऐकवलं. खरंच, सासू, सून, दाई, कोतवालाची बायको, सगळ्या नाझनीन. तिच्यासारख्याच शेवटाला वर चढणाऱ्या, तिच्यासारख्याच घाईच्या. कानात पडलं तेच तोंडातून गेलं होतं, मधल्या चार बोटांत मी नव्हतोच. पाचही प्रकरणं पुन्हा केली. तेव्हापासून ती मला ओळ अशी वाचून देते, जशी स्टँडवर बस लागल्याची सूचना देतात. सुकी, सपाट. सलीमभाई एकदा दारातून डोकावून म्हणाले, "बेटी, कोण्या बाईचा नवरा मेला अन् तू असं सांगून राह्यली का अहेरीची गाडी लागली आहे!"

दुसरी गोष्ट मी आपल्या अकलेनं शिकलो. दंडारीत माईक नव्हता तेव्हा तट्ट्याच्या कुंपणाजवळ तनशीवर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, बसलेल्या शेवटच्या माणसापर्यंत आवाज जायला हवा, म्हणून तो बारीक करून वर फेकायचो. लोकांना ते चालायचं, कारण डोळ्यांना लुगडं दिसत होतं. माईकपुढे लुगडं नाही. माईक म्हणजे ऐकणाऱ्याचा कान. तिथं आवाज बारीक केला की ती बाईची नक्कल होते, बाई होत नाही. आमच्या गावात किती तरी बायांचा आवाज माझ्यापेक्षा जाड आहे. मग बाई ऐकू येते कशातून? मी पुष्कळ दिवस याच्या मागे होतो. हातपंपावर, धानाच्या रोवण्यात, मिलमध्ये, जिथं बाया बोलतात तिथं कान देऊन बसायचो. म्हातारपणाचा हा एक फायदा, कोणी हाकलत नाही.

मला सापडलं ते असं, की बाई बोलताना तिचे हात रिकामे नसतात. गडी हातातलं काम ठेवून बोलतो. बाई काम करता करता बोलते, आणि ते काम तिच्या आवाजात उतरतं. रोवणा करणारी वाकलेली असते, पोट दबलेलं, म्हणून ती तुकड्यातुकड्यानं बोलते. डोक्यावर पाण्याचा गुंड असलेलीला मान वळवता येत नाही, तिचा शब्द सरळ समोर जातो, मग सांगायचं बाजूच्याला का असेना. भाजी चिरणारी खाली बघून बोलते आणि कडू बोलायचं असेल तेव्हा नेमकी विळीकडे बघते. म्हणून नवीन बाई आली की मी नाझनीनला आधी विचारतो, हिच्या हातात काय आहे? पुस्तकात नसेल लिहिलेलं तर आम्ही ठरवतो. मी सूप घेऊन बसायचो, पण माईक मेला सगळं ऐकतो. मग ओलं फडकं घेतलं. त्याचा आवाज होत नाही. तेच पिळतो, तेच पाखडतो, तेच लेकरू म्हणून थोपटतो. उन्हाळ्यात पंखा बंद ठेवावा लागतो, अंगात बनियन, हातात ओलं फडकं. मला त्या वेळी कोणी पाहू नये.

एकानं पाहिलं. अहेरीकडचा ट्रकवाला होता, बांबूच्या गाड्या चालवायचा. रस्त्यानं पुस्तकं ऐकायचा. एका पुस्तकात मी दवाखान्यातली नर्सबाई केली होती. हा बाबा नाझनीनचा पत्ता काढून दुकानात आला. अंगात धुतलेला सदरा, हातात सीताफळांची पिशवी.

"त्या बाईले भेटायचं होतं," म्हणाला. "लय समजावून बोलते. माह्या गाडीत दुसरं कोनी बोलत नाई."

नाझनीन तोंडाला ओढणी लावून आत गेली. मी बाहेर आलो. म्हटलं, "मीच ते."

"मजाक नका करू गा भाऊ."

मग मी त्याला नर्सबाईच्या आवाजात म्हटलं, "बसा. पाणी प्या आधी." तो बसला. पाणी प्यायला. बराच वेळ माझ्या मिशीकडे बघत राहिला. सीताफळं मात्र दिली. जाताना दारात वळला.

"भेटाले नव्हतं पाह्यजे," म्हणाला. "आता ते बाई बोलली का मले तुमची मिशी दिसंल."

मला त्या दिवशी गंमतही वाटली आणि थोडं वाईटही. त्याची एक सोबतीण मी काढून घेतली. तेव्हापासून कोणी भेटायला आलं की मी सलीमभाईंच्या दुकानातलं गिऱ्हाईक होतो.

आता काशीबाईचं सांगतो. त्याच्यासाठीच लिहायला बसलो.

गेल्या उन्हाळ्यात एक कादंबरी आली. जंगलाच्या काठाला राहणारं म्हातारं जोडपं, काशी आणि गोविंदा. पुस्तकभर काशी बोलते. नवऱ्याशी भांडते, शेजारणीशी बोलते, कोंबड्यांशी बोलते. पण आमच्याकडच्या जुन्या बायांसारखीच ती नवऱ्याचं नाव कधी घेत नाही. मग एक दिवस गोविंदा जंगलात जातो आणि परत येत नाही. अख्खं गाव त्याला शोधत फिरतं, हाका मारतं. काशी सोबत आहे, पण मुकी. आणि मग ती आयुष्यात पहिल्यांदा त्याचं नाव घेऊन हाक मारते. पुस्तकात एकच शब्द आहे. गोविंदा.

मी तो असा दिला की नाझनीननं हेडफोन काढून टेबलावर टाकला. बेंबीच्या देठापासून. दंडारीत अशा हाकेला लोक तनशीवरून उठून उभे राहायचे. मी खूश. तीही खूश. पुस्तक गेलं.

कंपनीच्या मॅडमचा फोन आला. फार गोड बोलणाऱ्या आहेत. म्हणाल्या, काशीबाई ऐकून रडू आलं, काका. फक्त त्या एका हाकेत पुरुष ऐकू येतो. आम्ही इथं एका मुलीकडून तेवढा एक शब्द करून घेतो, कोणाला कळणार नाही.

मी म्हटलं, "नाई."

"एकच शब्द आहे, काका."

"एकाच शब्दासाठी त पुस्तक आहे."

माझ्या तोंडून बोललेल्या एकाही बाईला आजवर दुसऱ्याची जीभ लागली नव्हती. काशीला लागली तर ती माझी राहत नाही, आणि मग मी त्या खोलीत पुन्हा पाय ठेवणार नाही, हे मी नाझनीनला सांगून टाकलं. ती म्हणाली, "काका, जिद्द नका करू." मी म्हटलं, जिद्द नसती तर पोतीच उचलत राहिलो असतो. तिनंच फोन घेऊन मॅडमकडून मला पुढच्या आठवड्यापर्यंतची मुदत मिळवून दिली.

चूक काय झाली तेच मला कळत नव्हतं. मी मोबाईल घेऊन जुन्या मिलमध्ये गेलो. तिथं तांदूळ साफ करायला बाया बसतात. कमला म्हणून एक आहे, सगळ्यांत मोठी आणि तोंडाची तिखट. त्यांना हाकेच्या आधीपासून ऐकवलं. हात चालू, कान इकडे. हाक आली तशा सगळ्या हसल्या.

"हा त गडी होय," कमला म्हणाली.

"काऊन? आवाज जाड झाला?"

"जाड नाई गा भाऊ. मले सांगता नाई येत. असं वाटलं का कोनी शेतातून गड्याले हाक मारते. चल बा, न्याहारी आली."

"मंग तुमी कशी मारसान हाक? नाव घेऊन?"

पदर तोंडाला गेले. कोणी कोणाच्या पाठीत बुक्की मारली. कमलाच हसू आवरून म्हणाली, "इतके साल झाले लग्नाले. ते नाव माह्या तोंडात कधी गेलंच नाई, मंग त्याची चव मले काय माहीत? तुमच्या बाईनं असं घेतलं जसं रोज घेते."

मी तसाच उठलो. कळलं होतं. मी गोविंदाला मित्रासारखी हाक मारली होती. माझ्या जिभेला गड्यांची नावं सवयीची, काशीच्या जिभेला नाही. पण कळून उपयोग काय? आजवर जे केलं ते कुठं तरी ऐकलेलं होतं. रडणं, ओरडणं, डोहाळे, बाळंतपणाच्या कळा, सगळं भिंतीपलीकडून का होईना कानावर पडलेलं. ही एकच गोष्ट अशी, की ती कोणी ऐकलेलीच नाही. हिची नक्कल करायची कुठून?

सुनेला विचारण्यात अर्थ नव्हता. ती "प्रकाश, गॅस संपला" असं माझ्या मुलाला दिवसातून दहा वेळा म्हणते. मला त्याचं वाईट वाटत नाही, उलट घर मोकळं वाटतं. पण तिच्या 'प्रकाश'मध्ये गॅसच असतो, दुसरं काही नसतं.

राहिली माझी बायको, पार्बता.

पार्बताचं काय सांगू? माझं नाव तुळशीराम, म्हणून ती तुळसही म्हणत नाही. रोज अंघोळ करून तुळशीला पाणी घालते आणि तिला अंगणातलं झाड म्हणते. पोरांना खोकला झाला की "त्या झाडाची पानं टाक चहात." दिवाळीनंतर तुळशीचं लग्न लागतं, तर ही गावभर सांगते, "आज झाडाचं लगन आहे." मी जेवताना विषय काढला.

"काय वो बुढे, माह्यं नाव घेऊन दाखव एक डाव."

"काऊन? विसरले का?"

मी तिला सगळं सांगितलं, काशी, गोविंदा, मॅडम. तिनं भात वाढला, वरण वाढलं.

"लग्नात घेतलं होतं उखाण्यात. तेवढं पुरे."

"उखाण्यातलं नाव म्हणजे घुंगटातलं तोंड. ते नाई पाह्यजे."

"म्हंजे तुमच्या मशीनसाठी मी नाव घेऊ?" ती म्हणाली. "दंडारीत माह्यं लुगडं नेलं, माह्या बांगड्या नेल्या, माह्यं चालणं नेलं. आता हे बी न्या!"

मी वरणभात कालवत राहिलो. तिला सगळं ठाऊक होतं. मंडईत लोक ज्या राणीच्या चालण्यावर शिट्ट्या मारायचे, ते चालणं पार्बताचं होतं.

पण माझा स्वभाव हा असा. एकदा एखादी गोष्ट कानाला हवीशी झाली की मी माणसात राहत नाही.

मोहफुलांचे दिवस होते. पहाटे फुलं पडतात, उजाडलं की बाया टोपल्या घेऊन निघतात. हल्ली वाघामुळे एकटं कोणी जात नाही. घोळक्यानं जायचं आणि वेचताना एकमेकींना हाका मारत राहायचं, हा नियम. झाडाझाडांतून "ओ" येत राहतो. जिचा "ओ" आला नाही तिच्याकडे सगळ्या धावतात. त्या दिवशी मी म्हटलं, मीही येतो. पार्बतानं माझ्याकडे पाहिलं आणि एक टोपली दिली.

थोडा वेळ मी सगळ्यांसारखा ओ देत राहिलो. मग एका मोठ्या वारुळाच्या आड बसलो आणि ओ द्यायचा बंद केला.

हे मी पार्बताला अजून सांगितलेलं नाही. अंक आला की सून वाचून दाखवीलच. त्या दिवशी मी मूलला जाईन म्हणतो.

आधी आलं, "अजी!"

मी गप्प.

"अजी, आयकता का?" हे नेहमीचंच, जेवायला बोलावल्यासारखं. मग थोडं जवळून, "प्रकाशचे बाबूजी! ओ प्रकाशचे बाबूजी!" मग काठीनं झाडाच्या बुंध्यावर ठकठक. मग काहीच नाही. वारुळाच्या कडेनं मी डोकावलं. तिची टोपली खाली पडली होती, फुलं पाचोळ्यात सांडली होती आणि ती दोन्ही हात नुसतेच घेऊन उभी होती. तिच्याजवळ हाका मारायचे जेवढे शब्द होते ते सगळे संपले होते. तेव्हाच उठायला हवं होतं मी. उठलो नाही.

तिनं शेजारच्या शांताला हाक दिली. "शांते, हाक मार वो त्यायले."

शांता आमच्या घरामागे राहते. तिचा आवाज म्हणजे सलीमभाईंचा भोंगा. "तुळशीराम भाऊऽऽ!" जंगल हाललं. बाकीच्या बाया धावत आल्या आणि सगळ्या एकदम हाका मारू लागल्या. "तुळशीराम भाऊ! ओ तुळशीराम भाऊ!"

जन्मभर बायांचे आवाज वेगळे करत आलो आहे. मंडईच्या गर्दीत सांगीन कोणाचा कुठला. त्या हाकांच्या खाली आणखी एक आवाज होता. बाकीच्यांच्या थोडा मागून येणारा, ठेंगणा. सगळ्या बाया तुळशीराम भाऊ म्हणत होत्या. तो आवाज भाऊ म्हणत नव्हता.

नुसतं तुळशीराम. तेही पूर्ण नाही. शेवटचं अक्षर ओठातच राहिलं. पावसाळ्यात नदी उतरताना पाय घालून खोली पाहतात आणि लगेच मागे घेतात, तसं.

शेवटी वारुळाला धरून उभा राहिलो आणि ओ दिला.

शांतानं मला पाहिलं आणि जे तोंड सोडलं ते अंकात छापता येणार नाही. शेवट एवढाच सांगतो, "भाऊ, वाघानं नेलं असतं त त्याचंच पोट बिघडलं असतं!" मी म्हटलं, पोट दुखत होतं, बसलो होतो. बाया हसल्या. पार्बता हसली नाही. खाली बसून सांडलेली फुलं टोपलीत भरत होती. मी वाकलो मदतीला, तर तिनं टोपली दुसऱ्या बाजूला सरकवली. घरी आल्यावर म्हणाली, "अंगणातल्या झाडाले पाणी घाला. मी नाई घालत आज."

दुसऱ्या दिवशी मी नाझनीनला म्हटलं, आधी मला गाव करू दे. पाटलाची हाक, गुराख्याची, बायांची, पोरांची. कोणी गोविंदाभाऊ, कोणी गोविंदामामा, कोणी गोविंदाआजा. एकेक वेगळा बोललो. तिनं ते एकावर एक घातले आणि माझ्या कानात अख्खं गाव जंगलात ओरडू लागलं.

"आता काशी," मी म्हटलं. "ओळ नको वाचू."

"न वाचता?"

"तिले कोनी सांगून राह्यलं नाई ते नाव."

मग हातात काय आहे हे मी स्वतःलाच विचारलं, आणि ओलं फडकं खाली ठेवलं. त्या खोलीत पहिल्यांदाच मी रिकाम्या हातांनी बाई बोललो. गाव ओरडत होतं, त्याच्या खाली, थोडं मागून, नाव घेतलं. शेवटचं अक्षर तोंडात राहू दिलं.

नाझनीन काचेपलीकडून म्हणाली, "काका, बोलले का तुमी?"

"बोललो."

तिनं मागे नेऊन ऐकलं. मग पुन्हा ऐकलं. मग ओढणीनं काच पुसू लागली, काच स्वच्छच होती.

कंपनीला पाठवायच्या आधी मी मिलमध्ये गेलो. कमलाला काही सांगितलं नाही, नुसतं लावलं. गावाच्या हाका सुरू झाल्या, बायांचे हात चालू होते. काशीचं नाव आलं आणि गेलं. कोणी हसलं नाही. मी वाट बघत बसलो की आता सांगतील गडी आहे की बाई.

कमला म्हणाली, "मंग? सापडला का गोविंदा?"

मी म्हटलं, "पुस्तक आयका," आणि मोबाईल खिशात टाकून ऐटीत बाहेर आलो. मिलच्या फाटकापर्यंत ऐट टिकली, तिथं पार्बताची सांडलेली टोपली आठवली.

मॅडमनी हाक ठेवली. पुस्तक निघालं. घरी पार्बता मोबाईल चुलीच्या ओट्यावर ठेवून संध्याकाळी तांदूळ पाखडताना ऐकायची. रोज थोडं थोडं. मी बाहेरच्या खाटेवर पडून असायचो, ऐकत नसल्यासारखा. एक दिवस ते प्रकरण आलं. हाका सुरू झाल्या. नाव झालं. आणि सूप थांबलं.

"हे कोनं शिकवलं?" आतून आलं.

"शांताबाईनं. तिनंच त हाका मारल्या तवा."

पुस्तक पुढं चाललं होतं.

"शांतेचा आवाज लय मोठा आहे," ती म्हणाली. "ते ओरडली का बाजूच्याचं काई आयकू येत नाई."

"नाई येत," मी म्हटलं.

सूप पुन्हा सुरू झालं. मला वाटलं, संपलं. दोन-चार वेळा पाखडून झाल्यावर ती म्हणाली, "पण तुमच्या काशीनं नाव लवकर घेतलं. इतक्यात नाई निघत ते तोंडातून. अजून थांबाले पाह्यजे होतं तिनं."

पुस्तक आता लोकांच्या कानात गेलं आहे, बदलता येत नाही. नाझनीनला मी हे सांगितलेलं नाही, मॅडमना तर मुळीच नाही. त्या सगळ्यांना हाक आवडली आहे. मीही रोज एकदा लावून बघतो, आणि रोज माझ्या लक्षात येतं, की पार्बता म्हणते तेच खरं आहे. अजून थोडं थांबायला पाहिजे होतं.